रिअल इस्टेटमधला एमबीए: आधी सातबारा वाचा, मग प्रवेश घ्या

प्रश्न असा आहे: “मी नाशिकचा, वय २७, सिव्हिल इंजिनिअर. तीन वर्षं एका बिल्डरकडे साइटवर आहे, पगार ३८ हजार. रिअल इस्टेटमधला दोन वर्षांचा एमबीए करायचा विचार आहे. फी आणि राहणं-खाणं धरून १५ लाखांपर्यंत खर्च येईल, त्यासाठी कर्ज काढावं लागेल. वडील शेतकरी आहेत. घरचे म्हणतात, करायचाच तर फायनान्सचा साधा एमबीए कर, तो कुठेही चालतो. काय करू?”

उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. एमबीए करा, रिअल इस्टेटमधलाच करा, पण अजून एक वर्ष थांबा. आणि ते वर्ष साइटवर घालवू नका.

मी चोवीस वर्षं पुण्यात याच धंद्यात आहे. सुरुवात तुमच्यासारखीच झाली, स्लॅबच्या तारखा आणि सळईचा हिशेब सांभाळत. मग जमीन खरेदीच्या कामात गेले, नोकरी करता करता व्यवस्थापनाची पदवी घेतली, आणि गेली बारा वर्षं एखादा प्रकल्प हाती घ्यायचा की सोडायचा याचं गणित मांडते. या काळात पदवी घेऊन आलेली बरीच मुलंमुली माझ्याकडे काम करून गेली. त्यांतली जी पुढे गेली, त्यांना जमिनीचा कागद वाचता येत होता आणि पैशाचा काळ मोजता येत होता. मुख्य म्हणजे ही दोन्ही कामं ती एकाच वेळी करत. एक्सेलमध्ये तरबेज असलेले पण फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, काय असते हे माहीत नसलेले अडखळले. कागदपत्रांत मुरलेले पण व्याजाचा हिशेब न जमणारेही अडखळले. म्हणून कुठलाही अभ्यासक्रम मी याच कसोटीवर बघते: हे दोन्ही एकत्र शिकवतात का?

उदाहरण घेऊ, आकडे सोपे ठेवते. समजा एका प्लॉटवर विकण्याजोगं ६० हजार चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र, निघतं. दर ७,००० रुपये धरला तर विक्रीचे ४२ कोटी होतात. बांधकामाला २२ कोटी, प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारं जादा बांधकाम), टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क), विकास शुल्क आणि मंजुऱ्यांना ४ कोटी, जाहिरात, ब्रोकरेज आणि ऑफिसला ३ कोटी. उरले १३ कोटी. बिल्डरने जोखमीपोटी ५ कोटी नफा धरला तर ८ कोटी राहतात. वर्गात याला जमिनीची रेसिड्युअल व्हॅल्यू म्हणतात, म्हणजे सगळा खर्च आणि नफा वजा केल्यावर जमिनीसाठी जेवढं उरतं ते. मालक ७ कोटी मागतोय. नवखा विद्यार्थी म्हणतो, घेऊन टाका, एक कोटी सुटतोय.

आता यात काळ घाला. ७ कोटी व्यवहाराच्या दिवशी रोख द्यायचे आहेत. नुसती जमीन घेण्यासाठी बँका बिल्डरला कर्ज देत नाहीत, त्यामुळे पैसा खासगी गुंतवणूकदाराकडून किंवा वित्तसंस्थेकडून येणार. व्याज १५ टक्के धरू. नकाशा मंजूर होऊन महारेरा, म्हणजे राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण, याची नोंदणी मिळेपर्यंत एक वर्ष गेलं असं समजा. नोंदणीआधी जाहिरात करता येत नाही, फ्लॅट विकता येत नाही, म्हणजे त्या वर्षात ग्राहकाकडून एक रुपया येणार नाही. वर्षाचं व्याज १ कोटी ५ लाख. जो एक कोटी सुटत होता, तो पहिली कुदळ पडण्याआधीच संपला!

आता त्याच मालकाला वेगळा प्रस्ताव द्या. रोख काही नको, विक्रीच्या प्रत्येक रुपयातले २० पैसे तुमचे. ४२ कोटींचे २० टक्के म्हणजे ८ कोटी ४० लाख, त्याच्या मागणीपेक्षा १ कोटी ४० लाख जास्त. बिल्डरकडे राहतात ३३ कोटी ६० लाख, त्यातून २९ कोटी खर्च गेला की ४ कोटी ६० लाख हातात. रोखीच्या व्यवहारात १३ मधून ७ गेले की ६ कोटी दिसतात खरे, पण त्या ७ कोटींवर दोन वर्षं व्याज भरावं लागलं तर २ कोटी १० लाख जातात आणि ३ कोटी ९० लाख उरतात. मालकालाही जास्त, बिल्डरलाही जास्त. मालकाने वाट पाहायची आणि धोका वाटून घ्यायची तयारी दाखवली, त्याची किंमत त्याला मिळाली आणि बिल्डरचं व्याज वाचलं. अर्थात विक्री रखडली तर मालकाचेही पैसे रखडतील, हे त्याला पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगायचं असतं. या विषयाचा गाभा एवढाच आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स ग्रासकॅम्प नावाचे प्राध्यापक होते. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत राहून त्यांनी कित्येक वर्षं हाच विषय शिकवला. जागा आणि काळ यांचं पैसा आणि काळ यांच्यात रूपांतर करणं म्हणजे हा धंदा, अशी त्यांची मांडणी होती. मी ती वाचली तेव्हा मला माझ्या कामाची पहिल्यांदा नीट ओळख पटली.

फायनान्सच्या साध्या एमबीएत व्याज, रोखप्रवाह, आयआरआर (गुंतवणुकीवरचा वार्षिक परताव्याचा दर) हे सगळं शिकवतात, आणि चांगलं शिकवतात. पण तिथली मालमत्ता बहुतेक वेळा कागदावरची असते, शेअर किंवा रोखा. आपली मालमत्ता जमिनीला खिळलेली असते आणि तिच्याभोवती कूळ, वारस, रस्त्याची रुंदी, शेजारच्याची हद्द, नदीची पूररेषा असं सगळं गुंतलेलं असतं. ते न शिकता नुसतं पैशाचं गणित शिकलात तर काय होतं, हे मी स्वतः भोगलं आहे.

जमीन खरेदीत मला तिसरं-चौथं वर्ष होतं. मुळशी तालुक्यातली सहा एकरांची जमीन होती. सातबारा स्वच्छ, पाच भावांची नावं, ‘इतर हक्क’ या रकान्यात काही नाही. वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला, मी तीस वर्षांचे फेरफार वाचले. विसार दिला, दुसरा हप्ता दिला, आणि दिवाणी न्यायालयातून वाटणीच्या दाव्याची नोटीस आली. भावांना तीन बहिणी होत्या. दोघींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं होतं. तिसरीला कुणी विचारलंच नव्हतं. वडील गेल्यावर झालेली वारसनोंद चौतीस वर्षांपूर्वीची होती. तिच्यात फक्त भावांची नावं होती, आणि माझी तपासणी तिसाव्या वर्षी थांबली होती.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा दिलेलाच होता. वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासूनचा हक्क महाराष्ट्राने काही अटी ठेवून १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. हे सगळं मला परीक्षेपुरतं पाठ होतं. मी त्या बाईंना भेटायला इचलकरंजीला गेले. चहा पुढे ठेवून त्या म्हणाल्या, “पैशाचं नंतर बघू. माझं नाव कागदावर का नाही, एवढं आधी सांगा.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दावा मिटायला दोन वर्षं आठ महिने लागले, त्यांना त्यांचा वाटा मिळाला, आणि तोवर प्रकल्पाचा नफा व्याजात गेला होता. तेव्हापासून मी मिळतील तितके मागचे फेरफार वाचते आणि प्रत्येक वारसनोंदीपुढे स्वतः विचारते: घरात मुली किती होत्या? हा प्रश्न मला कुठल्याही वर्गात शिकवला गेला नाही. आता मी पाहुणी म्हणून शिकवायला जाते तेव्हा पहिला तास याच प्रश्नाने सुरू करते.

तुम्ही नाशिकचे आहात म्हणून आणखी एक. तुमच्या जिल्ह्यात पेठ, सुरगाणा यांसारखे आदिवासी तालुके आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ चं बंधन असतं. वतनाच्या, इनामाच्या बऱ्याच जमिनी भोगवटादार वर्ग दोनच्या, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या असतात. ही बंधनं कुणाला तरी लुबाडलं जाऊ नये म्हणून आली आहेत. ‘यातून वाट काढू’ असं म्हणणाऱ्या माणसाबरोबर काम करू नका. पगार कितीही असो.

मग अभ्यासक्रमात काय असायला हवं? जमिनीचे आणि नगररचनेचे कायदे, मूल्यनिर्धारण, प्रकल्पाचं अर्थगणित, बांधकाम खर्च, विपणन, भाड्याच्या मालमत्तांचं व्यवस्थापन हे विषय सगळीकडे असतात. बघायचं ते असं, की मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रासाठी डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, प्रत्यक्ष उघडून बसवतात का. रस्त्याची रुंदी बदलली की टीडीआर किती बदलतो, निवासी बांधकामाला ६० टक्के आणि अनिवासीला ८० टक्के अॅन्सिलरी एफएसआय (मूळ एफएसआयवर मिळणारा पूरक) कसा मोजतात, हे हाताने करून घेतात का. मुंबईत काम करायचं असेल तर विकास नियमावली २०३४ मधले ३३(५), ३३(७), ३३(९), ३३(१०) हे आकडे तोंडावर हवेत: म्हाडा वसाहती, उपकरप्राप्त इमारती, समूह विकास, झोपडपट्टी पुनर्वसन.

रेरा मात्र संपूर्ण वाचा, सारांशावर भागवू नका. २०१६ चा कायदा, महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून प्राधिकरण काम करतंय. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए यांच्या दाखल्यांवर कामाच्या प्रमाणातच काढायचे, हा नियम आल्यावर एका प्रकल्पाच्या पैशातून दुसरी जमीन घेण्याची जुनी पद्धत बंद झाली. म्हणून वर मांडलेलं रोखप्रवाहाचं गणित आता जास्त कठोर झालं आहे. करारनाम्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, ताबा दिल्यावर पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी राहते. या प्रत्येक कलमाचा आकडा तुमच्या एक्सेलमध्ये कुठल्या महिन्यात जाऊन बसतो, हे शिकवणारा मास्तर मिळाला तर फी वसूल झाली असं समजा.

संस्थांबद्दल. पुण्यात बालेवाडीला निकमार आहे. १९८३ साली सुरू झालेली, बांधकाम उद्योगानेच उभी केलेली संस्था, आता विद्यापीठ आहे. इंजिनिअर मुलांना तिथलं वातावरण जवळचं वाटतं. अॅमिटी विद्यापीठात रिक्स स्कूल ऑफ बिल्ट एन्व्हायर्न्मेंट आहे. रिक्स ही १८६८ मध्ये लंडनला स्थापन झालेली सर्व्हेअरांची संस्था, आणि परदेशी सल्लागार कंपन्यांत तिच्या सभासदत्वाला वजन आहे. पण नीट लक्षात घ्या, पदवी मिळाली म्हणजे सभासदत्व मिळालं असं होत नाही. त्यासाठी अनुभवाची नोंद ठेवून वेगळं मूल्यमापन द्यावं लागतं. तसंच, दिवाळखोरी मंडळाकडे नोंदणीकृत मूल्यनिर्धारक व्हायचं असेल तर केवळ एमबीए चालत नाही. तिथे तुमची सिव्हिलची पदवी आणि अनुभवाची वर्षं कामी येतात, वर परीक्षा आहे. ही तुमची जमेची बाजू आहे, ती विसरू नका.

परदेशात इंग्लंडचं रेडिंग, सिंगापूरचं राष्ट्रीय विद्यापीठ ही या विषयातली जुनी, भक्कम नावं. आंतरराष्ट्रीय फंडात किंवा आरईआयटीत, म्हणजे भाड्याच्या मालमत्ता बाळगणाऱ्या गुंतवणूक न्यासात, जायचं असेल तर तिकडचं शिक्षण उपयोगी पडतं. नाशिक-पुण्यात जमीन घेऊन प्रकल्प उभे करायचे असतील तर तो खर्च मी करणार नाही.

प्रवेशाआधी संस्थेत स्वतः जा आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा. माहितीपत्रकातला सरासरी पगार बाजूला ठेवून त्यांना विचारा: उन्हाळ्यातली इंटर्नशिप कुठे झाली? साइटवरच्या सेल्स ऑफिसात येणाऱ्यांना सॅम्पल फ्लॅट दाखवण्यात दोन महिने गेले असतील तर सावध व्हा. विक्री हे वाईट काम नाही, पण त्यासाठी १५ लाखांची गरज नाही. कोऱ्या एक्सेलवर महिनावार रोखप्रवाह स्वतः मांडला का, कायदा शिकवणारा माणूस कधी भूमिअभिलेख कार्यालयात गेला आहे का, एखादा खरा सातबारा वर्गात आला का, हेही विचारा. उत्तरं ऐकताना तुमचं तुम्हाला कळेल.

आता तुमच्या पैशाचं बोलू, कारण तुमचा पहिला फीजिबिलिटी रिपोर्ट, म्हणजे परवडतं का याचा अहवाल, तुमचा स्वतःचाच आहे. १५ लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता २५ हजारांच्या थोडा वर जातो. दोन वर्षांचा बुडालेला पगार ९ लाख १२ हजार. एकूण गुंतवणूक २४ लाखांच्या पुढे. पदवीनंतरचा पगार, पदवी न घेता तेव्हा मिळाला असता त्यापेक्षा महिन्याला ३० हजारांनी जास्त आहे असं धरलं तरी वर्षाला ३ लाख ६० हजार, म्हणजे व्याज सोडूनच पावणेसात वर्षं. हे घाबरवायला सांगत नाही. पण पदवीतून कुठली नोकरी मिळते यावर हा हिशेब तरेल की बुडेल, आणि म्हणून ते एक वर्ष मी महत्त्वाचं मानते.

त्या वर्षात तुमच्याच बिल्डरकडे साहेबांना विनंती करून साइटवरून लायझनिंगला (सरकारी मंजुऱ्यांच्या पाठपुराव्याला) किंवा जमीन खरेदीच्या टेबलावर बदली मागा. पगार वाढणार नाही. महापालिकेच्या नगररचना विभागात फायली घेऊन उभं राहावं लागेल, दुय्यम निबंधकांकडे रांगेत थांबावं लागेल. पण बांधकाम परवानगीपासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत एक कागद कुठे किती दिवस अडतो हे तुम्हाला अंगाने कळेल, आणि मग वर्गात प्राध्यापक ‘मंजुरीचा कालावधी सहा महिने’ असं लिहितील तेव्हा तुम्ही हात वर करून विचाराल, कुठल्या महापालिकेत, कुठल्या झोनमध्ये? असा विद्यार्थी दोन वर्षांत दुप्पट शिकतो. मुलाखत घेणाऱ्यालाही तो लगेच ओळखू येतो, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून सांगते आहे. बिल्डर बदली देत नसेल तर सोसायट्यांच्या पुनर्विकासाचं काम करणाऱ्या एखाद्या सल्लागाराकडे जा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ ची पुनर्विकासाची प्रक्रिया कशी चालते, ५१ टक्के सभासदांची संमती कशी घेतात, सत्तरीतले आजी-आजोबा भाड्याच्या घरात जायला का घाबरतात, हे तिथे दिसेल. पुण्यात कोथरूड, मुंबईत मुलुंड-पार्ले इथे पुढची कित्येक वर्षं हे काम आहे. आणि तिथे मराठीत शांतपणे, न कंटाळता बोलू शकणारा माणूस लागतो. जमिनीचे सगळे जुने कागद मराठीत, त्याहून जुने मोडीत. दिल्ली-बंगळुरूहून आलेला हुशार सहकारी ज्या फेरफारापुढे थांबतो, तो तुम्ही वाचू शकता. मोडी शिकायची संधी मिळाली तर जरूर शिका, मला ती उशिरा मिळाली.

पदवीनंतर कुठे जाल? जमीन खरेदी आणि व्यवसायवृद्धी ही एक वाट, बिल्डरांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था ही दुसरी. तिथे साइटवर काम केलेला माणूस सोनं असतो, कारण प्रगतीचा अहवाल खरा की खोटा हे त्याला स्लॅब पाहूनच कळतं. तिसरी वाट भाड्याच्या ऑफिस आणि मॉलची. सेबीचे आरईआयटी नियम २०१४ मध्ये आले, शेअर बाजारात पहिली नोंदणी एप्रिल २०१९ मध्ये एम्बसीची झाली, मग माइंडस्पेस, ब्रुकफिल्ड, नेक्सस. यांना वाटपयोग्य रोखीतले किमान ९० टक्के गुंतवणूकदारांना वाटावे लागतात, त्यामुळे भाडं वेळेवर येणं आणि इमारत सुस्थितीत राहणं यावरच सगळं अवलंबून असतं. इथलं गणित वेगळं. वर्षाला निव्वळ १ कोटी भाडं देणारी इमारत बाजार ८ टक्के परताव्याने मोजत असेल तर ती साडेबारा कोटींची. बाजाराने साडेआठ मागितले की तीच इमारत पावणेबारा कोटींच्या आसपास येते. भिंतीला तडा नाही, भाडेकरू गेला नाही, तरी ७४ लाख कमी. ज्याला हे वाचून पुढचं वाचावंसं वाटतं, त्याने या वाटेला जावं. तुमचा कल मला जमिनीकडे दिसतो, पण तो अंदाज आहे. वर्षभर काम केल्यावर तुम्हालाच कळेल.

घरच्यांना एवढं सांगा: फायनान्सचा एमबीए ‘कुठेही चालतो’ हे खरं आहे, पण त्या रांगेत तुमच्या साइटवरच्या तीन वर्षांची किंमत शून्य धरली जाते. इथे ती तुमचं भांडवल आहे. वर्षभराने टेबलावरचं काम अजिबात रुचलं नाही, तर मात्र त्यांचं ऐका.

आणि या रविवारी एक काम करा. वडिलांच्या शेताचा सातबारा आणि आठ-अ काढा, त्यावरचे सगळे फेरफार क्रमांक कागदावर लिहा आणि प्रत्येकाची नक्कल मागवा. आजोबांच्या, पणजोबांच्या नोंदीपर्यंत मागे जा. जमीन तुमच्या घरात कशी आली, कुणाचं नाव कधी लागलं, कधी गेलं, आत्यांची नावं कुठे आहेत, हे वडिलांना शेजारी बसवून विचारत लिहून काढा. दोन-तीन पानं होतील. ती पानं घेऊन प्रवेशाच्या मुलाखतीला जा.